सात अंशांखालचे नाना

डहाणूत ज्यांची चिकूची वाडी आहे त्यांच्या घरात चिकू फारसा कुणी खात नाही. पाहुण्यांपुढे ठेवतात, मुंबईच्या नातेवाइकांना पिशव्या भरून देतात, उरलेल्याच्या फोडी वाळवतात. जेवणानंतर स्वतःसाठी चिरायचं फळ मात्र सफरचंद, तेही पैसे मोजून आणलेलं. नानांच्या घरी हाच रिवाज. फरक एवढाच, की इतर लोक सफरचंद खातात आणि नाना ते उघडतात.

उघडण्याचं शास्त्र आहे. देठापासून उभं चिरायचं नाही. बिया कापल्या जातात. कमरेतून आडवं चिरायचं. मग मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसते, कप्प्यात दोन-दोन बिया. हिशेबाने दहा, प्रत्यक्षात सहा-सात निघाल्या तरी नाना खूश. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक बी उजेडाकडे धरतात. पोचट बी ताटाच्या कडेला, टपोरी बी सदऱ्याच्या खिशात. फोडी ज्याला हव्या त्याने खाव्यात.

कुणी आजारी पडलं की नाना किलोभर सफरचंदं घेऊन भेटायला जातात, हे ऐकून नवख्या माणसाला भरून येतं. जुन्या माणसांना माहीत आहे, की सफरचंद चिरलं जाईपर्यंत नाना उशाशी बसून राहतात. एकदा एका गृहस्थांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तोंडावाटे काहीही द्यायला मनाई केली होती. नानांनी तासाभरात चारदा विचारलं, "आता काही खावंसं वाटतंय का?" घरच्यांचे डोळे पाणावले. सख्खा भाऊ एवढं विचारत नाही म्हणाले.

असा माणूस गावोगावी एक तरी असतो. आपल्या मातीत जे येतं ते त्याला क्षुल्लक वाटतं आणि जे येत नाही त्याने त्याची झोप उडते. देशावर तो नारळ रुजवतो, कोकणात द्राक्षाचा मांडव घालतो, पुण्याच्या गच्चीत केशराचे कंद पुरून बसतो. त्याची थट्टा करायला माझी ना नाही, पण डहाणूत राहून ती जरा जपूनच करावी लागते. कारण या तालुक्याचं पोट अशाच कुणाच्या तरी खुळावर भरलेलं आहे. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो पहिल्यांदा लागला घोलवडला, १८९८ साली, असं फळबागांची पुस्तकं सांगतात. त्या साली घोलवडच्या पारावर कुणीतरी म्हणालंच असेल, "मातीच्या रंगाचं फळ, ते खाणार कोण?" त्याच चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ साली तो मानांकनाचा शिक्का मिरवत विलायतेला गेला. नाना हा इतिहास आरतीच्या चालीवर म्हणतात आणि शेवटी आवाज चढवतात, "चिकू आला. पाठोपाठ घोलवडला लिचीसुद्धा आली. मग सफरचंदानेच काय घोडं मारलंय?"

सफरचंदाने घोडं मारलेलं नाही. त्याला थंडी लागते. काश्मीर-हिमाचलातल्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखाली हजारएक तास काढावे लागतात. तेवढी झोप झाली नाही, तर पुढे डोळे नीट फुटत नाहीत, फूल येत नाही. डहाणूत पारा पंधरावर उतरला तर लोक माळ्यावरचे मफलर शोधायला लागतात.

हे नानांना कळत नाही असं नाही. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळा आहे आणि तिचा रोजचा किमान आकडा नाना डायरीत उतरवून घेतात. डायरीत रकाने आखलेले आहेत: तारीख, किमान, कमाल आणि 'सात अंशांखालचे तास'. या शेवटच्या रकान्यात रोज एक शून्य, निळ्या शाईत, वळणदार. महिनाअखेरीस नाना त्याची बेरीज करतात. मी एकदा म्हटलं, "नाना, शून्यांची बेरीज कशाला?" तर म्हणाले, "हिशेब तो हिशेब."

त्यांचा पुतण्या दापोलीला शेतकी शिकलेला. त्याने एका संध्याकाळी ओटीवर बसून काकांना शास्त्र समजावून द्यायचं ठरवलं. सफरचंदाच्या बीचा काही भरवसा नसतो, तो म्हणाला. झाडाला स्वतःच्याच जातीचा पराग सहसा चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. त्यामुळे एका फळातल्या दहा बिया म्हणजे दहा निरनिराळी झाडं, आणि आईच्या वळणावर त्यातलं एकही जाणार नाही. फळ धरायला सहा ते दहा वर्षं. आणि इतकं करून जे येईल ते बहुधा आंबट, तुरट, बोराएवढं.

"बहुधा," नाना म्हणाले. "म्हणजे नक्की नाही ना?"

पुतण्या गप्प बसला. शेतकीच्या पदवीत याचं उत्तर शिकवत नाहीत.

आणि हे चाललंय कुठे, तर कलमांच्या मुलखात. इथला चिकू वरून कालीपत्ती असतो आणि खालून रायण. रायणीच्या खुंटावर चिकूची फांदी भेट घालून बांधायची, सांधा जमला की वेगळी करायची. वाडीत हजार झाडं लावली तरी ती एकाच झाडाची हजार रूपं. कुणाला किती चिकू लागतील, कसे लागतील, केव्हा लागतील, सगळं आधी ठाऊक. वाडीवाल्याला असंच हवं असतं, कारण त्याला बँकेचे हप्ते असतात, आश्चर्य परवडत नाही. नानांनाही हप्ते आहेत. पण चिकू त्यांच्या वडिलांनी लावला, कलम दुसऱ्या कुणी बांधलं, जात तिसऱ्याच कुणाची. आपण फक्त पाणी सोडायचं आणि उतरवून पेट्या भरायच्या. नाना चाळीस वर्षं हे बिनचूक करत आले आणि त्यांना एकाएकी वाटायला लागलं, की यात आपलं काय? सफरचंदाची बी हे त्यांचं लॉटरीचं तिकीट आहे. सोडत लागेल न लागेल, तिकिटावर नंबर आपला असतो.

बी रुजवायलाही थंडी लागते. दोन-तीन महिने ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी लागते, मग तिला वाटतं हिवाळा सरला. नानांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बिया भरल्या, वर चिठ्ठी लावली, 'हात लावू नये', आणि डबा दुधाच्या पातेल्यामागे ठेवला. काकूंनी चिठ्ठी वाचली आणि पाळली. अडचण अशी झाली, की फ्रिजच्या दमटपणाने चिठ्ठी गळून पडली आणि दिवाळीच्या आधी काकूंना श्रीखंडाच्या डब्यात बुरशी आलेलं फडकं सापडलं. त्यांनी ते मागच्या दारच्या उकिरड्यावर झटकलं, डबा गरम पाण्याने घासला आणि त्यात चकल्या भरल्या. नानांनी चकली खाल्ली नाही. पाडव्यालासुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला त्यांनी शोध लावला, की विलायती सफरचंदं महिनोन्महिने शीतगृहात राहून येतात, त्यामुळे त्यांच्या बियांचा हिवाळा आधीच झालेला असतो. कधीकधी चिरलं तर आतच मोड आलेला सापडतो. पण मेणाचा हात दिलेल्या फळावर नानांचा विश्वास नाही. त्यांना ट्रकमधून आलेलं देशी फळ हवं. भाद्रपदात ते तलासरीला हायवेवर जाऊन बसतात. उत्तरेकडून मुंबईला निघालेले ट्रक ढाब्यांवर थांबतात, त्यात सफरचंदाच्या पेट्या असल्या तर नाना ड्रायव्हरला चहा पाजतात आणि त्या मोबदल्यात डागी फळं मागून घेतात. एक सरदारजी त्यांना ओळखतो. तो दुरूनच हॉर्न देतो आणि नासक्या फळांची पिशवी खिडकीतून काढतो. नासकं फळ मिळाल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

यातून रोपं झाली. काही पावसात मुळाशी कुजली, काही ऑक्टोबरच्या उन्हात करपली, आणि एक तगलं. त्याचं नाव हिमाचल. ते नानांच्या खांद्याला लागतं, फार फांद्या करत नाही आणि हिवाळ्यात पानं झाडत नाही, कारण हिवाळा आल्याचं त्याला कुणी कळवतच नाही.

ते कळवायची जबाबदारी नानांनी घेतली. धाकट्या डहाणूला कोळ्यांची वस्ती आहे, बोटींसाठी बर्फ लागतो. नाना मासळीसाठी फोडलेला बर्फ गोणपाटात बांधून स्कूटरवरून आणायला लागले आणि हिमाचलच्या बुंध्याशी ओतायला लागले. पुतण्या कळवळून सांगत होता, थंडी डोळ्यांना लागते, मुळांना नाही. नाना म्हणाले, "पाय गार पडले की डोकं गार पडतंच." झाड गार पडलं की नाही कळायला मार्ग नव्हता, पण त्याला बोंबलाचा वास यायला लागला. आळीतली सगळी मांजरं रात्री हिमाचलभोवती जमू लागली. त्यांच्या भांडणांनी शेजारच्या मंडळींची झोप गेली, तेव्हा बर्फ बंद झाला.

मग नानांना जावा बेटाचा पत्ता लागला. इंडोनेशियात बातू म्हणून डोंगराळ गाव आहे, तिथे सफरचंदाचे मळे आहेत. विषुववृत्ताजवळ कडक थंडी कुठली? तेव्हा तिथले शेतकरी फळं काढून झाली की हाताने झाडाची पानं ओरबाडून टाकतात. झाड फसतं, त्याला वाटतं शिशिर येऊन गेला, आणि ते फुलतं. वर्षाला दोन बहर घेतात. हे खरं आहे. नानांनी डिसेंबरात घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करून हिमाचलचं पान न् पान खुडायला लावलं. काकूंनी विचारलं, "मेथी निवडायला कधी असे जमला नाहीत ते?" महिन्याभरात हिमाचलला पालवी आली. भरपूर आली. फूल नाही.

नानांची भाची तलासरी तालुक्यात उधव्याला दिलेली आहे. हे स्थळ नानांनी आणलं. मुलाची नोकरी, जमीन, व्यसनं यांची चौकशी बाकीच्या मामांनी केली. नानांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, की पौष महिन्यात पहाटे पाणी हाताला कितपत लागतं. समुद्रापासून आत गेलं, डोंगरांत शिरलं, की रात्री अधिक गार होतात, आणि डहाणूपेक्षा उधव्याला दोन-तीन अंश तरी फरक पडणार, अशी त्यांची अटकळ होती. लग्नात त्यांनी आहेर म्हणून सफरचंदाची रोपं दिली. नवऱ्या मुलाच्या हातात नारळ, मुलीच्या हातात कुंडी, असा फोटो त्या अल्बममध्ये आहे.

तेव्हापासून नाना भाचीला दर रविवारी फोन करतात. तिच्या सासरी याचं फार कौतुक. एका रविवारी फोन तिच्या नवऱ्याने उचलला आणि सांगितलं, "मामा, मुलगी झाली. पहाटेच. दोघी सुखरूप आहेत."

"वा वा! अभिनंदन," नाना म्हणाले. "पहाटे म्हणजे थंडी असणार. किती होती?"

पुतण्याने शेवटचा उपाय केला. त्याने कलम आणलं. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात पनियाला गावी हरिमन शर्मा नावाचे शेतकरी आहेत. गाव फक्त अठराशे फूट उंचीवर, तिथे सफरचंद होत नाही असंच सगळे मानत. १९९८च्या सुमारास त्यांच्या परसात खाऊन टाकलेल्या फळांच्या बियांतून एक रोप उगवलं, त्यांनी ते राखलं, त्याच्या फांद्या आलुबुखाराच्या खुंटावर बांधल्या, आणि २००१मध्ये फळ धरलं. त्या जातीला एचआरएमएन-९९ म्हणतात. तिला थंडी जवळपास लागत नाही. ती सपाटीवरच्या राज्यांत जाऊन पोचली आणि २०२५ साली शर्मांना पद्मश्री मिळाली. पुतण्याने याच जातीचं कलम हिमाचलच्या शेजारी लावलं. तिसऱ्या वर्षी त्याला फुलं आली, दोन फळं धरली. एक वटवाघळाने नेलं. दुसरं पिकलं.

आम्ही सगळे पाहायला गेलो. डहाणूच्या अंगणात, चिकूच्या सावलीशेजारी, फिकट लालसर गालाचं खरंखुरं सफरचंद लोंबत होतं. पुतण्याचा ऊर भरून आला होता. नाना खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"नाना, सफरचंद!"

"हो. हरिमनचं."

"तुमच्या अंगणात आलंय."

"ट्रकमधून येतात तीही माझ्या घरात येतात." आणि पेपरचं पान उलटलं.

पण या प्रकरणातली एक गोष्ट त्यांनी उचलली, आणि ती आम्हा सगळ्यांना भोवली. पनियालाच्या बिया कुणी पेरल्या नव्हत्या, टाकून दिल्या होत्या! नाना वाचायला लागले. सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ नावाच्या आजीबाईंनी सफरचंदाचा चोथा ओढ्याकाठी फेकला, तिथे १८६८च्या सुमारास हिरव्या फळांचं झाड मिळालं, तीच ग्रॅनी स्मिथ. बहामा बेटांवर, म्हणजे चक्क समुद्राच्या काठाला, बीवरच्या एका झाडातून डॉर्सेट गोल्डन ही जात निघाली. अमेरिकेत आयोवातल्या जेसी हायट यांनी तर ओळ सोडून उगवलेलं रोप दोनदा छाटलं. ते पुन्हा फुटलं तेव्हा राहू दिलं. त्याचंच पुढे रेड डिलिशस झालं, आणि तेच १९१६ साली सॅम्युअल स्टोक्स यांनी सिमल्याजवळ कोटगडला आणलं. हिमाचलची श्रीमंती त्या हायटनी छाटलेल्या रोपातून आली. अमेरिकेत बिया पेरत हिंडलेल्या जॉन चॅपमनला कलम बांधणं पाप वाटायचं, हेही नानांनी आम्हाला मोठ्या उमाळ्याने सांगितलं. त्याच्या झाडांची फळं बहुतेक दारू गाळायलाच जायची, एवढं मात्र त्यांनी गाळलं.

निष्कर्ष असा निघाला, की जगातली नामांकित सफरचंदं दुर्लक्षातून जन्माला आली आहेत. तेव्हा नानांनी दुर्लक्ष करायला घेतलं. आणि ज्या माणसाने आयुष्यात दुधाचा हिशेब चुकवला नाही, त्याचं दुर्लक्ष कसं असणार? सकाळी सात वाजता ते मागच्या दारी जात, पाठ करून उभे राहत, खिशातल्या बिया डोक्यावरून मागे फेकत आणि वळून न पाहता घरात येत. मग दर तासाला खिडकीतून पाहत, की आपण तिकडे पाहत नाही ना. उकिरड्यावर कुणी काही टाकायचं नाही, काही काढायचं नाही, कारण त्याने दुर्लक्षात व्यत्यय येतो. काकूंना भाजीची देठं टाकायला शेजारी जावं लागे.

आणि एका श्रावणात तिथे रोप दिसलं.

आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. नानांच्या मते ही दिवाळीतल्या डब्यातली बी. तीच ती काकूंनी झटकलेली बी, इतकी वर्षं दडून राहिलेली. वाडीत कलमं बांधत म्हातारा झालेला गडी तिथेच उभा होता. त्याने एक पान चुरडलं, देठाजवळून निघालेल्या तीन शिरा पाहिल्या आणि म्हणाला, "नाना, बोरी आहे ही."

"काटे दिसतात म्हणून म्हणतोस," नाना म्हणाले. "बीवरचं सफरचंद लहानपणी काटेरीच असतं."

दुर्दैवाने हे खरं आहे. पान उलटून पाहिलं तर खालून पांढुरकी लव. सफरचंदाच्या कोवळ्या पानालाही ती असते. नानांचं वाचन इतकं झालेलं होतं, की समोरची बोरसुद्धा त्यांना पुस्तकातून दिसत होती. म्हाताऱ्याने वाचलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याची पंचाईत झाली नाही. तो बिडी पेटवून चिकू उतरवायला गेला.

पुढे त्या रोपाला आळं झालं, गांडूळखत झालं, शेळ्यांपासून जाळी झाली. हिमाचलकडे नानांचं लक्ष उडालं. या खेपेला ते खरंच उडालं होतं, पण हिमाचलला त्याचा काही फायदा झाला नाही. नव्या झाडाने दर पावसाळ्यात जोमाने अंग धरलं. चौथ्या वर्षी त्याला बारीक हिरवट फुलं आली आणि पुढे दोन-दोन, तीन-तीन फळं धरली. नाना रोज सकाळी फळाचा घेर दोऱ्याने मोजत. पौषापर्यंत ती फळं पिवळी पडली आणि शेजारच्या पोराने भिंतीवर चढून एक खाल्लं. मग तो भिंतीवरूनच ओरडला, "नाना, तुमची बोरं आंबट आहेत!"

सत्य हळूहळू बाहेर आलं. काकूंच्या माहेराहून मागे ॲपल बोरं आली होती, ती मोठी, हिरवी, सफरचंदाच्या आकाराची म्हणून मिरवतात ती. खाऊन आठळ्या सगळ्यांनी मागच्या दारी टाकल्या होत्या. पुतण्या सांगायला लागला, की ॲपल बोराचंही कलमच लावायला हवं, बीवरून लावलं तर फळ पुन्हा बारकं आणि आंबट होतं. काकूंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

संक्रांतीला भाची मुलीला घेऊन आली. मुलीचं बोरन्हाण ह्या खेपेला भाचीच्या आजोळीच करायचं ठरलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, आळीतली सगळी पोरं पाटाभोवती दबा धरून. काकू आतून परात घेऊन आल्या. कुरमुरे, हलवा, उसाचे करवे, आणि वर ढीगभर घरची बोरं.

"घ्या गं," त्या बायकांना म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या सफरचंदाची बोरं आहेत."

मुलीच्या डोक्यावर परात उपडी झाली, पोरं तुटून पडली. नाना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. आम्हाला वाटलं, मनाला लागलं असेल. भाची जवळ जाऊन वाकली, त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"उधव्याला ह्या आठवड्यात किमान किती गेलं गं?" नानांनी विचारलं.

"परवा अकरा होतं, मामा."

नानांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि डायरी काढली.